‘कळलं ना?’ ‘हो, कळलं!’ – तरीही गैरसमज का होतो?



समजा, टोकावड्याजवळच्या एका वस्तीतली आजी तापाने फणफणली आहे. मुलगा तिला दवाखान्यात घेऊन जातो. डॉक्टर विचारतात, "आजी, ताप कधीपासून आहे?" आजी म्हणते, "परवापासनं." डॉक्टर मनात हिशेब करतात, म्हणजे आज तिसरा दिवस. पण ‘परवाच तर लेक येऊन गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा लेकीला जाऊन कधी आठ दिवसही झालेले असतात. आजीचा ‘परवा’ तसाच आहे. ताप खरे तर सहा दिवसांचा आहे.

डेंग्यूची शंका असेल तर हा फरक लहान नाही. डेंग्यूची एनएस-१ ही चाचणी तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत भरवशाची असते, त्यानंतर दुसरी चाचणी करावी लागते. शिवाय तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो, आणि डेंग्यूत खरा धोका नेमका तेव्हाच असतो. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बेचैनी, फार गळून जाणे ही लक्षणे त्या काळात दिसली तर लगेच रुग्णालय गाठावे लागते. घरचे मात्र म्हणतात, "ताप उतरला, बरी झाली."

या गोष्टीत खोटे कोणीच बोलले नाही. डॉक्टरांनी विचारले, आजीने सांगितले, दोघांना वाटले की समजले. असे का होते, आणि ते टाळायला आपण काय करू शकतो, ते या वेळी आरोग्याच्या पानावर पाहू.

ऐकतो कान, पण अर्थ लावतो मेंदू

समोरच्याचा शब्द जसाच्या तसा कानातून डोक्यात उतरतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कानाला अर्धवट आवाज मिळतात. मधल्या रिकाम्या जागा मेंदू अंदाजाने भरतो. रिचर्ड वॉरेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एक प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा एक आवाज काढून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. आवाज गाळलेला आहे हे त्यांच्या लक्षातच आले नाही.

डोळेही ऐकायला मदत करतात. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवले की समोरच्याचे ओठ वेगळे हलताना दिसले, तर कानावर पडलेले अक्षरही वेगळेच ऐकू येते. करोनाच्या काळात तोंडाला मास्क असताना किती वेळा "काय? काय म्हणालात?" करावे लागले ते आठवून पाहा. फोनवर तर ओठ दिसतच नाहीत.

आता आपल्या मुरबाड तालुक्यातले उदाहरण घ्या. शिरोशी आणि मोरोशी ही दोन वेगळी गावे. दोन्ही नावांचा शेवट ‘रोशी’. मोबाईलला रेंज कमी, बाहेर पाऊस, बोलणारा घाबरलेला. अशा वेळी पहिले अक्षर हरवले तर ऐकणाऱ्याचा मेंदू आपल्या ओळखीचे गाव तिथे बसवतो. १०८ ला फोन करताना म्हणूनच नुसते गाव सांगू नये. गाव, पाडा किंवा वस्ती, तालुका आणि जवळची खूण – शाळा, विहार, बस थांबा – असे सगळे सांगावे. पलीकडच्या माणसाला पत्ता परत म्हणून दाखवायला सांगावे. यात दहा सेकंद जातात, पण गाडी चुकीच्या रस्त्याला लागण्याचा धोका टळतो.

मेंदू ‘जवळपास बरोबर’ वर समाधान मानतो

घरातल्या कोणाला तरी पटकन विचारा: "सिद्धार्थ गौतमांना ज्या वडाच्या झाडाखाली ज्ञानप्राप्ती झाली, ते झाड कोणत्या गावी आहे?" बहुतेक जण लगेच सांगतील, "बोधगया." पण झाड वडाचे नव्हते, पिंपळाचे होते. हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरी प्रश्नातली चूक निसटून जाते.

एरिक्सन आणि मॅटसन या संशोधकांनी १९८१ साली याच प्रकारचे प्रश्न विचारून पाहिले होते. बरोबर उत्तर माहीत असलेली माणसेही प्रश्नातल्या चुकीवरून पुढे निघून जातात, असे त्यांना दिसले. कारण ऐकताना मेंदू प्रत्येक शब्द तपासत नाही. वड काय, पिंपळ काय, दोन्ही मोठी झाडे. अर्थ साधारण जुळला की मेंदू पुढे सरकतो. रोजच्या गप्पांत याने काही बिघडत नाही. औषधाच्या बाबतीत बिघडते.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पण गोळी म्हटली की ‘रोज’ हे आपल्या डोक्यात आधीच बसलेले असते. बीपीची रोज, साखरेची रोज. त्यामुळे ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द ऐकूनही माणूस ती रोज घेऊ लागतो. हे औषध रोज घेतले गेल्याने जगात अनेक ठिकाणी माणसे दगावली आहेत. अशी गोळी घरात असेल तर ती कोणत्या वारी घ्यायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ‘फक्त रविवारी’ असे दोन शब्द पुरेत.

शब्द एक, अर्थ दोन

बोलणारा एका अर्थाने बोलतो आणि ऐकणारा आपल्या अनुभवातल्या अर्थाने घेतो. दवाखान्यात हमखास घोटाळा करणारे काही शब्द पाहा.

उपाशीपोटी: "सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या." घरून निघताना चहा घेतला जातो, कारण चहा म्हणजे काही खाणे नव्हे! पण चहात साखर आणि दूध असते. उपाशीपोटीची साखर तपासायची तर आधीचे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही घ्यायचे नसते. थायरॉईडची गोळीही चहाच्या आधी, अर्धा ते एक तास अगोदर, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते.

जेवणानंतर, तीन वेळा: जो माणूस पहाटे भाकरी खाऊन वीटभट्टीवर किंवा शेतावर जातो आणि थेट रात्री जेवतो, त्याने तिसरी गोळी कधी घ्यायची? जेवण दोनदा म्हणून तो गोळीही दोनदाच घेतो. चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला इतके सरावाचे असते की ते समजावून सांगायचे त्यांच्या मनातही येत नाही. आपल्या कामाच्या आणि जेवणाच्या वेळा आपणच त्यांना सांगाव्यात.

एक चमचा: घरात पोह्यांचा चमचा असतो, चहाचा असतो, वाढायचाही असतो. औषधाचा ‘एक चमचा’ बहुधा ५ मिलिलिटरचा धरतात. बाटलीबरोबर आलेल्या झाकणावर किंवा मापावर रेघा असतात, त्यानेच मोजावे. तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर बाळाला कितीतरी जास्त औषध जाते.

ओआरएसचे पाकीट: मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. ‘पाकीट पाण्यात घालून द्या’ एवढेच ऐकले आणि मोठे पाकीट एका ग्लासात ओतले, तर ते पाणी फार खारट होते आणि लहान बाळाला अपाय करू शकते.

पॉझिटिव्ह, निगेटिव्ह: ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणजे चांगला विचार करा. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजेही चांगलाच, असे वाटणे साहजिक आहे. पण तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडले. क्षयाच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले. आणि ‘ओ निगेटिव्ह’ हा फक्त रक्तगट आहे, त्यात वाईट काही नाही.

अंगावरून जाणे: या शब्दांनी कोणी पांढरे पाणी सांगते, कोणी रक्त. लाजेने ताई-वहिनी पुढे बोलत नाहीत आणि विचारणाराही घाईत असतो. रंग कोणता, किती दिवस, दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात, हे स्पष्ट सांगावे.

वाहक: एसटीत चालक आणि वाहक असतात, हा शब्द आपल्याला तिथून माहीत. सिकलसेलच्या तपासणीत ‘वाहक’ म्हणजे वेगळे. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याच्या शरीरात सिकलसेलचा गुण आहे, पण त्याला सिकलसेलचा आजार नाही. तो सर्वसाधारणपणे इतरांसारखाच जगतो. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासण्या वाढल्या. महाराष्ट्रात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार आढळतो, म्हणून आपण तो नीट समजून घ्यायला हवा. ‘वाहक’ हा शब्द ‘रोगी’ असा ऐकला गेला, तर मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. खरी माहिती एवढीच: आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही, ते फार तर वाहक होते. म्हणून दोघांची तपासणी करून मग बोलावे.

‘यात न कळण्यासारखं काय आहे?’

एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी गाणी तरी सहज ओळखतील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चालू असते. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते.

आपले भीमगीत घेऊन घरात हा खेळ करून पाहा, लगेच पटेल.

जे आपल्याला पक्के माहीत असते, ते दुसऱ्याला माहीत नसेल ही कल्पनाच करणे मेंदूला अवघड जाते. डॉक्टरांचे असेच होते. पण आपलेही तसेच होते. "नेहमीचंच दुखणं, नेहमीची गोळी द्या," असे आपण नव्या डॉक्टरांना सांगतो. ‘नेहमीची’ कोणती, ते आपल्याच डोक्यात असते.

आपल्या माणसांशी बोलताना ही चूक जास्त होते. सॅवित्स्की, केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली नवरा-बायकोच्या जोड्या आणि अनोळखी माणसे यांची तुलना केली. दोन अर्थांची वाक्ये समजून घेण्यात नवरा-बायको अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. पण आपण एकमेकांना बरोबर ओळखतो, ही खात्री त्यांना फार होती. "आज फार उकडतंय," असे वहिनी म्हणतात, तेव्हा त्यांना चुलीपुढे बसवत नाही असे सांगायचे असते. दादा उठून पंखा लावतात आणि जेवायची वाट पाहतात. दोघेही रागावतात. ‘इतक्या वर्षांत एवढंही कळत नाही’ या वाक्यामागे पुष्कळदा मनाचा खोटेपणा नसतो. सांगायचे ते शब्दांत आलेलेच नसते.

डोक्यात मावते किती?

एका वेळी नवी माहिती धरून ठेवायची मेंदूची ताकद मर्यादित आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ती सुमारे सात गोष्टींची सांगितली, नंतरच्या संशोधनात ती चारच्या आसपास दिसली. आता दवाखान्यातले बोलणे मोजा: पाच औषधे, प्रत्येकाची वेळ, दोन पथ्ये, एक तपासणी, परत यायची तारीख. वर भीती, गर्दी आणि मांडीवर रडणारे मूल. रॉय केसेल्स या डच संशोधकाने २००३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जे आठवते त्यातलेही जवळपास निम्मे चुकीचे असते, असे त्यात आढळले. तेव्हा विसरणे हा अडाणीपणा नाही. शिकलेली माणसेही विसरतात.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्येच बोलतात, असे दिसले. म्हणून मुख्य तक्रार पहिल्याच वाक्यात सांगावी. "छातीत दुखतंय आणि डाव्या हाताला कळ जातेय" हे आधी, गॅस झाला असेल हा आपला अंदाज नंतर.

ऐकू येते, पण कळत नाही

वय वाढते तसे आधी उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त, क अशा अक्षरांचे आवाज त्यात मोडतात. स्वर मात्र ऐकू येतात. त्यामुळे ‘सात’ चे ‘आठ’ होते आणि ‘साठ’ चेही ‘आठ’ होते. म्हाताऱ्या माणसाला बोलल्याचे कळते, पण काय बोलले ते कळत नाही. मग घरातले म्हणतात, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल असे, सावकाश बोलावे, टीव्ही बंद करावा. कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ साचलेला असतो.

एक गोष्ट मात्र गैरसमज समजून सोडू नये. चांगल्या बोलत्या माणसाला अचानक दुसऱ्याचे बोलणे समजेनासे झाले, शब्द अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. तसेच झोपवून वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि कधी सुरू झाले ते विचारल्यावर ‘मघाशी’ असे सांगू नका, घड्याळातली वेळ सांगा.

विचारण्यात कमीपणा नाही

गैरसमजाचे सगळ्यात मोठे कारण पुष्कळदा ‘हो’ हा शब्द असतो. डॉक्टर विचारतात, "कळलं ना?" समोर मोठा माणूस, मागे रांग. नाही म्हटले तर आपल्याला अडाणी समजतील ही भीती. म्हणून आपण मान हलवतो आणि बाहेर येऊन विचारतो, "काय म्हणाले हो?" डॉक्टरही ‘हो’ ऐकून निश्चिंत होतात.

हे लक्षात ठेवा: आपल्याला समजेल अशा सोप्या भाषेत आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो नोंदवला आहे. तेव्हा विचारताना संकोच नको, अरेरावीही नको.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे. उदाहरणार्थ:

"डॉक्टरसाहेब, मी सांगते, बरोबर आहे का बघा. ही पांढरी गोळी सकाळी चहाच्या आधी. ही लाल रात्री जेवल्यावर. पाच दिवस. ताप उतरला तरी बंद करायची नाही. उलटी झाली तर लगेच यायचं."

अर्धा मिनिट लागतो. चूक असेल तर तिथेच सुधारते. आशाताई आणि सिस्टर यांनीही ‘कळलं ना?’ ऐवजी "घरी गेल्यावर गोळी कशी द्याल, मला सांगा बरं," असे विचारावे.

घरासाठी काही सवयी

१. दवाखान्यात जाताना तीन गोष्टी लिहून न्या: काय होते, कोणत्या तारखेपासून, सध्या कोणती औषधे चालू आहेत. जुनी पाकिटे सोबत न्या. नाव वेगळे पण औषध तेच, असे असू शकते. दोन्ही घेतली तर दुप्पट होते.

२. ‘परवा’, ‘मागे’, ‘थोडं’, ‘कधीकधी’ हे शब्द टाळा. वार, तारीख, आकडा सांगा.

३. शक्य असेल तर सोबत एक जण न्या. दोघांनी ऐकलेले बाहेर पडण्याआधी जुळवून पाहा.

४. पाकिटावर खुणा करून घ्या. वाचता येत नसेल तर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढा.

५. औषध किती दिवस घ्यायचे ते विचारा. मुलांच्या जुलाबात दिलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायचे असते. क्षयाची औषधे बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसतात.

६. मोबाईलवर नुसते ‘ठीक आहे’ लिहून येते, तेव्हा ते रागाने की समाधानाने, हे कळत नाही. आजारपणाचे आणि भांडणाचे बोलणे शक्यतो समोरासमोर करा, निदान फोन करा.

७. घरात वाद झाला की आधी एकच वाक्य म्हणा: "तू असं म्हणालास असं मला वाटलं, बरोबर का?"

आज संध्याकाळी हे पान घरात मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर आजी-आजोबांना, मुलांना विचारा, "यातल्या तीन गोष्टी तुमच्या शब्दांत सांगा." त्यांनी काय सांगितले ते नीट ऐका. वाचले एक आणि ऐकले दुसरेच असे कुठे झाले, ते तिथेच कळेल.